गांडुळांचा फ्रिज

आमच्या फ्रिजमध्ये केराचा डबा सापडला तेव्हा मी आधी नवऱ्यावर ओरडले. सवयीने. तो फ्रिज दुरुस्त करतो, त्यामुळे फ्रिजमध्ये जे काही वावगं असेल ते त्याचंच, असा आमच्या घरचा कायदा आहे. पण डबा त्याचा नव्हता. आत बटाट्याची सालं होती, केळ्याची सालं होती, अंड्याची टरफलं होती आणि सगळ्यात खाली चहाचा चोथा. सगळं व्यवस्थित थर लावून, वर झाकण घट्ट. इतके नेटके थर लावणारं माणूस आमच्या घरात एकच होतं.

"आई, हे काय आहे?" मी विचारलं.

"सालं."

"ते दिसतंय मला. फ्रिजमध्ये का?"

"बाहेर ठेवली तर वास येतो. मग तू ओरडतेस."

"अगं, मग केरात टाकायची की."

"फेकवत नाही," आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत आहे, बाकी काही नाही.

मी नर्स आहे. दिवसभर हात कोपरापर्यंत धुते आणि घरी आल्यावर पुन्हा एकदा धुते. माझ्या फ्रिजमध्ये, दुधाच्या शेजारी, कालचा केर. मी तो डबा उचलून सरळ रिकामा केला, साबणाने घासला, वर उकळतं पाणी ओतलं. आई खिडकीकडेच तोंड करून होती. नवरा दारात उभा राहून नुसता बघत होता. तो तसा बोलतच नाही. आमचं लग्न झालं तेव्हा आईने त्याच्याबद्दल एवढंच म्हटलं होतं, "माणूस मुका आहे, पण दार नीट लावतो." तो आमच्या वॉर्डातला लसींचा फ्रिज दुरुस्त करायला यायचा, तिथेच आमचं जमलं. त्या फ्रिजला पुढे वर्षभर काही झालं नव्हतं, तरी तो तपासायला येत राहिला. मी काय ते समजले.

आई आमच्याकडे राहायला येऊन फार दिवस झाले नव्हते. त्याआधी ती तळमजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात एकटी राहायची. घरामागे अंथरुणाएवढी माती होती. तिथे ती एक खड्डा करायची, घरातलं सालपट न् सालपट त्यात पुरायची, तो भरला की शेजारी दुसरा. उभं आयुष्य तिने केराचा डबा विकत घेतला नाही. मग एकदा पायरीवरून घसरून तिचं मनगट मोडलं, आणि त्याच सुमारास घरमालकाने ते घर पाडायला काढलं. मी खोकी घेऊन गेले, सामान भरलं, प्रत्येक खोक्यावर जाड पेनाने लिहिलं आणि तिला चौथ्या मजल्यावर आणून ठेवलं.

मनगट केव्हाच जुळलं होतं. पण माझ्या लेखी ती अजून वॉर्डातच होती. मी तिला जड उचलू देत नव्हते, जिना एकटीने उतरू देत नव्हते, शेगडीपाशी उभं राहू देत नव्हते. सुऱ्या मी वरच्या फळीवर ठेवल्या होत्या, जिथे तिचा हात पोचत नाही. सकाळी मी भाजी चिरून कामावर जायचे, आणि माझी पाठ वळली की ही बाई केराच्या डब्यातून सालं वेचून काढायची. ते मला आता कळत होतं.

सामानाची ती खोकी रिकामी झाली तेव्हा मी रद्दीत द्यायला निघाले होते. आईने ती उलगडून सपाट केली, सुतळीने बांधली आणि आपल्या पलंगामागे उभी केली.

"त्यात झुरळं होतात," मी म्हटलं.

"असू देत," ती म्हणाली. "लागतील."

त्या गठ्ठ्याचा मला भारी राग यायचा. तिच्या खोलीत झाडू मारताना दर वेळी तो आडवा यायचा.

डब्याच्या प्रकरणानंतर दोन-चार दिवसांनी, रात्रीचं जेवण चालू असताना, आईने विषय काढला. ती आयुष्यभर पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होती. तिथली तिची एक मैत्रीण, जिला मी मावशी म्हणते, शहराबाहेर म्हाताऱ्या माणसांच्या वसतिगृहात राहायला गेली होती. तिच्या शेजारची खोली महिनाअखेरीला रिकामी होणार होती.

"मी तिथं जावं म्हणते," आई म्हणाली.

माझा घास तोंडातच राहिला. "इथं काय कमी आहे तुला?"

"काही कमी नाही. तोच तर त्रास आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काही नाही. भात वाढ थोडा."

मी भात वाढला. आदळून वाढला. आईवर माझा जीव आहे, आणि मला तो नेहमी असाच दाखवता येतो. ती गेली तर संध्याकाळी दार उघडल्यावर "आलीस का गं" म्हणणारं कुणी नसणार, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. पण तोंडातून निघालं ते, "जायचं तर जा, तुझ्या मर्जीचं राज्य आहे."

नवऱ्याने त्या जेवणात एकच प्रश्न विचारला. "आई, तिथं माती आहे?"

"आहे की. मागं बाग आहे म्हणे."

"हं," तो म्हणाला, आणि ताटातलं संपवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो एक मेलेला फ्रिज घेऊन घरी आला. हॉटेलांच्या खोल्यांमध्ये असतो तसला, गुडघ्याएवढा. चार जिने खांद्यावरून आणला आणि गॅलरीत ठेवला. मग पिशवीतून दुसऱ्या कुठल्या कुठल्या फ्रिजांचे भाजीचे खण काढले, एकावर एक बसणारे, आणि जुन्या वॉटर कूलरची एक तोटी.

"हे काय?" मी विचारलं.

"गांडुळांचा फ्रिज."

मी कपाळावर हात मारला. घरात आधीच जागा नाही, त्यात आता गांडुळं. नर्सच्या घरात. मी बरंच बोलले. तो कामाला लागला. आतली मोटर, जाळी, वायरी त्याने आधीच काढलेल्या होत्या. वरच्या दोन खणांच्या तळाला त्याने बारीक भोकं पाडली, म्हणजे वरचं पाणी खाली उतरावं आणि खालची गांडुळं वर चढावीत. सगळ्यात खालच्या खणाला भोकं नाहीत, त्यात पाणी साठणार. फ्रिजच्या अंगाला भोक पाडून त्याने ती तोटी या खणाला जोडली. हे पाणी झाडांना घालायचं असतं, असं त्याला रोपवाटिकेतल्या माळ्याने सांगितलं होतं. आमच्याकडे एकही झाड नव्हतं, पण त्याचं त्याला काही वाटलं नाही.

आई पहिल्या दिवशी खोलीतूनच बघत होती. दुसऱ्या दिवशी तिने खुर्ची गॅलरीच्या दारात आणली. तिसऱ्या दिवशी खुर्ची गॅलरीतच होती.

"जावईबापू, यात माती कुठाय?" तिने विचारलं.

"माती नाही लागत, आई. भिजवलेला कागद घालायचा खाली. त्यांची गादी."

"कागद," आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात काहीतरी जागं झालं.

खालच्या मजल्यावरच्या शिंप्याकडे जुनी वर्तमानपत्रं पडून होती, ती सगळी वर आली. आईने पहिलं पान हातात घेतलं, एकदा उभं, एकदा आडवं हलवून बघितलं आणि सरसर फाडत सुटली. बोटभर रुंदीच्या पट्ट्या, जणू पट्टी लावून कापलेल्या. मी एक पान फाडायला घेतलं तर ते वेडंवाकडं तिरकंच फाटत गेलं.

"कागदाला धागा असतो," आई म्हणाली. "लाकडाला असतो तसा. त्याच्या बाजूनं गेलीस तर तो सरळ येतो. आडवी गेलीस की तोंड वाकडं करतो."

"कुणासारखा?" नवरा म्हणाला. दोघं माझ्याकडे बघून हसली. मी फणकाऱ्याने आत गेले, पण मला बरं वाटलं होतं. आई किती दिवसांनी हसली होती.

माळ्याने रंगाच्या एका रिकाम्या डब्यात ओंजळभर लाल गांडुळं दिली, वर ओलं फडकं. अंधार हवा, ओल हवी, आणि पहिले काही दिवस सारखं उघडून बघू नका, एवढं त्याने बजावलं. ती खणात सोडली, वर आईने साठवलेली सालं. हो, नवा डबा भरला होता तिने. कुठे लपवला होता ते मी विचारलं नाही.

मग नवऱ्याने शेवटचं काम काढलं. दाराचं रबर जुनं होतं, एका कोपऱ्यात फाटलेलं. त्याने नवं कोरं रबर आणलं. ते बसवलं, माझा केस वाळवायचा ड्रायर न विचारता घेतला आणि गरम हवेने रबर सगळीकडून शेकून शेकून चौकटीला चिकटेल असं केलं. ड्रायर कशासाठी वापरला हे कळल्यावर मी तो स्पिरिटने पुसला. तोपर्यंत त्याची कागदाची परीक्षा चालू झाली होती. ही त्याची नेहमीची. दारात कागद धरायचा, दार लावायचं, कागद ओढायचा. सुळकन आला तर रबर सैल. हा मान त्याने आईला दिला.

"ओढा, आई."

आईने ओढला. आला नाही. जोर लावला तर फाटला, पण निघाला नाही. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, चारी बाजूंनी तेच.

"अशी बांधणी बघितली नव्हती," आई म्हणाली, आणि आमचे हे साहेब कानापर्यंत लाल झाले. एकच गोष्ट त्याला सलत होती. ती जुनी तोटी किंचित गळायची. तिचा वायसर बदलायचा राहिला होता. येता-जाता तो तिच्याकडे असा बघायचा, जसं कुणी स्वतःच्या शर्टावरच्या डागाकडे बघतं.

पुढचे दिवस घर वेगळंच होतं. आई सकाळी उठून गॅलरीत जायची, त्या पांढऱ्या पेटीवर हात ठेवून उभी राहायची. नवरा कामावरून आला की दोघांचं बोलणं व्हायचं, आत काय चाललं असेल याचं. वसतिगृहाचं नाव कुणी काढत नव्हतं. महिनाअखेर जवळ येत होती, पण मावशीला अजून पक्कं काही कळवलेलं नव्हतं, हे मला माहीत होतं. मी मनातल्या मनात गांडुळांशी गोड बोलायला लागले होते. माझ्यासारखीने.

सुट्टीच्या दिवशी सकाळी दार उघडायचं ठरलं. आई पुढे, नवरा तिच्या मागे, मी चहाचे कप हातात घेऊन दारात. दार ओढताना जोर लावावा लागला, आणि मग वास आला. मी वासांत आयुष्य काढलंय, मला लगेच कळलं. वरचे खण काळे, चिकट झाले होते. आणि गांडुळं सालांत नव्हती, कागदातही नव्हती. ती सगळी दाराच्या रबराशी येऊन चिकटली होती, चारी बाजूंनी, चौकटीला धरून. मेलेली. फट शोधत आलेली.

नवरा खाली बसला, रबरावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "दार तर नीट लागत होतं." खरोखर न कळून म्हणाला.

"नीटच लागत होतं, जावईबापू," आई म्हणाली.

माझ्या नाकावरचा राग मग जिभेवर आला. "जिवंत प्राण्याला हवा लागते. हे कुणी सांगायला हवं का? लहान पोरसुद्धा बरणीत किडा ठेवताना झाकणाला भोक पाडतं." मी बरंच बोलले असते, पण त्याचा चेहरा बघितला आणि थांबले. ज्या माणसाने पोटासाठी जन्मभर एकच काम केलं, आतली हवा आत आणि बाहेरची बाहेर, त्याच्या हाताने दुसरं काय होणार होतं? तो उठला, हात धुतले आणि बाहेर जिन्यात जाऊन बसला.

आई आत गेली. थोड्या वेळाने तिच्या खोलीतून फोनवर बोलल्याचा आवाज आला. "हो, येते म्हणून सांग त्यांना. महिनाअखेरीला. नाही गं, रागावून नाही."

हातातला चहा मी बेसिनमध्ये ओतला. मग तिच्या खोलीत गेले. तिने पलंगामागचा खोक्यांचा गठ्ठा बाहेर ओढला होता आणि फडक्याने त्याच्यावरची धूळ झटकत होती.

"गांडुळं मेली म्हणून घर सोडतं का कुणी?" मी म्हटलं.

"गांडुळांचं काही नाही गं."

"मग कशाचं आहे?"

आईने फडकं घडी करून मांडीवर ठेवलं. "तुझ्या नवऱ्यानं किती जीव ओतून केलं होतं ते. नवं रबर आणलं, शेकलं. कुठं म्हणून फट ठेवली नाही. प्रेमानंच केलं होतं ना?"

"हो."

"तेच," आई म्हणाली, आणि पुन्हा धूळ झटकायला लागली. "अति तिथं माती म्हणतात. इथं तर मातीसुद्धा नाही झाली."

मला रडू आलं आणि रागही आला, कारण तिचं खरं होतं. वॉर्डात पेशंट बरा झाला की मी त्याला घरी पाठवते. आईला मी घरी आणलं आणि पेशंट केलं. ती जिना उतरली तर पडेल, शेगडीपाशी गेली तर भाजेल, सुरी धरली तर कापेल, म्हणून मी सगळं बंद केलं, आणि वर तिला विचारलं की तुला काय कमी आहे.

हे सगळं मी तिला सांगितलं का? नाही. मला असलं बोलता येत नाही. मी स्वयंपाकघरात गेले, स्टुलावर चढले, वरच्या फळीवरची सुरी काढली आणि बटाट्यांची टोपली घेऊन तिच्यासमोर ठेवली.

"सोलायचेत," मी म्हटलं. "मला वेळ नाही."

वेळ होता. सुट्टी होती. आईने सुरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग बटाटा उचलला. साल कागदासारखं पातळ, एकसंध, कुठेही न तुटता निघालं. मी माझे हात पाठीमागे धरून ठेवले होते. सगळे बटाटे सोलून झाल्यावर तिने सालांची ओंजळ भरली आणि इकडेतिकडे बघितलं.

"ही कुठं टाकू?"

केराचा डबा तिच्या पायाशी होता. मी त्याच्याकडे बोट दाखवलं नाही.

"खालचा खण बघितला का कुणी?" आई म्हणाली.

कुणीच बघितला नव्हता. आम्ही गॅलरीत गेलो. वरचे दोन खण मी काढले, ग्लोव्ह्ज घालून, तोंड फिरवून. सगळ्यात खालच्या खणात थोडं पाणी होतं आणि वरच्या खणाच्या कडेने खाली घसरलेला कागदाचा एक ओला गोळा. तो तोटीच्या तोंडाशी अडकला होता. आईने तो बोटाने उकलला. आत गांडुळं होती. लाल, गुंतलेली, आणि हलत होती.

"अहो जावईबापू," आईने जिन्याकडे तोंड करून हाक मारली. "जरा इकडं या."

तो आला. वाकला. गोळ्याकडे बघितलं, तोटीकडे बघितलं. जिथून थेंब बाहेर जात होता, तिथूनच तेवढी हवा आत येत होती.

"वायसर बदलायचा राहिला होता," तो म्हणाला.

"बरं झालं राहिला ते," आई म्हणाली. "आता मशीन आणा तुमचं, भोकं पाडायचं."

आधी त्याने ते नवं कोरं रबर स्वतःच्या हाताने ओढून काढलं. चांगलं रबर फाडून काढायची त्याच्यावर पहिल्यांदाच वेळ आली असणार. दात काढून घेताना पेशंट करतात तसा चेहरा केला होता त्याने. मग दाराच्या पत्र्यावर कुठे भोकं पाडायची हे ठरेना. तो म्हणाला दोन, आई म्हणाली ओळीने. तिने पेन्सिल मागितली, दारावर वर एक आणि खाली एक रेघ मारली आणि सारख्या अंतरावर खुणा केल्या. पुस्तक शिवण्याआधी कारखान्यात टोचणीने अशाच खुणा करायची ती. लहानपणी मी तिथे कागदांच्या गठ्ठ्यांवर बसून बघायचे.

"मी पाडते," आई म्हणाली, आणि ड्रिल मशीनसाठी हात पुढे केला.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. मनगट, वजन, करंट, तोल. मी ओठ मिटले. इतके घट्ट मिटले की त्याने माझ्यावर कागदाची परीक्षा घेतली असती तरी पास झाले असते. त्याने मशीन आईच्या हातात दिलं आणि स्वतः मागून नुसता वायरीला हात लावून उभा राहिला. पहिलं भोक थोडं वाकडं गेलं. दुसरं खुणेवर आलं. त्यानंतर तिने मागे बघितलं नाही. पत्र्याचा कीस तिच्या केसांत जाऊन बसला.

भोकांवर आतून बारीक जाळी चिकटवली, माश्या येऊ नयेत म्हणून. खण मी धुतले. साबण वापरू नको, असं दोघांनी एका सुरात सांगितलं, म्हणून नुसत्या पाण्याने. आता गादी हवी होती. मी शिंप्याकडे गेले तर त्याने उरलेली वर्तमानपत्रं कालच रद्दीत दिली होती. हात हलवत परत आले.

"कागद नाही," मी म्हटलं. "उद्या बघू."

"उद्यापर्यंत ती कशी राहतील? त्या गोळ्यात किती दिवस काढतील?" आई म्हणाली आणि आत गेली.

ती खोक्यांचा गठ्ठा घेऊन बाहेर आली. स्वतः उचलून. सुतळी सोडली, गठ्ठा गॅलरीत आडवा केला आणि सगळ्यात वरचं खोकं ओढून घेतलं. त्याच्यावर माझ्याच अक्षरात "आईचे कपडे" लिहिलेलं होतं. आईने त्याच्यावरची चिकटपट्टी नखाने सोलून काढली, कारण ती गांडुळांना चालत नाही, आणि खोकं मधोमध फाडलं.

"आई," मी म्हटलं.

"लागतील म्हटलं होतं ना?" ती म्हणाली. "भिजवा हे, जावईबापू. बादलीत."

कपडे गेले, मग भांडी गेली, मग "औषधे व इतर". नवरा खाली बसून पुठ्ठा पाण्यात दाबत होता आणि आई पट्ट्या काढत होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"उचल गं," ती म्हणाली. "माझे हात ओले आहेत."

मावशी होती. खोलीला रंग द्यायचाय, कुठला देऊ असं तिथले लोक विचारतायत म्हणाली.

"मावशी विचारते, रंग कुठला," मी म्हटलं.

आई पट्टी फाडत होती, ती पूर्ण फाडून झाल्यावर बोलली. "जी राहणार असेल तिला विचारा म्हणावं. माझी जनावरं नवीन आहेत. त्यांना टाकून कुठं येऊ?"

मी ते तसंच सांगितलं. मावशी पलीकडून बराच वेळ हसत होती. "जनावरं कसली गं?" तिने विचारलं, तर मला सांगता येईना. नवऱ्याने बादलीतून मान वर काढली नाही, पण त्याचे खांदे हलत होते.

शेवटी एकच खोकं राहिलं. त्यात तिची काचेची बरणी आणि बाबांचा फोटो आला होता. त्याच्या चारी बाजूंना मी जाड पेनाने "जपून" लिहिलं होतं, आणि खाली दोनदोन रेघा मारल्या होत्या. आईने ते उचललं, जरा बघितलं आणि माझ्याकडे सरकवलं.

"हे तू फाड."

मी खाली बसले. दोन्ही हातांनी धरून ओढलं. पुठ्ठा अडला, तिरका गेला, अक्षराच्या मधूनच चुरगळला. मी पुन्हा जोर लावला. आईने खोकं माझ्या हातात फिरवून आडवं केलं आणि तिचा ओला हात क्षणभर माझ्या हातावर राहिला.

"अशी धर," ती म्हणाली. "आता ओढ."

मी ओढलं. ते सरळ फाटत गेलं.